ड्रॉइंग हातात आल्यावर

7 जून 2025 रोजी अहिल्यानगरच्या वाहननगरात, व्हीआरडीईच्या आवारात, नऊ लष्करी वाहनांचं आणि यंत्रणांचं तंत्रज्ञान दहा उद्योगांना परवाना करारानं देण्यात आलं. डीआरडीओचे अध्यक्ष डॉ. समीर कामत यावेळी हजर होते. अशा कार्यक्रमाच्या फोटोत एक फाइल या हातातून त्या हातात जाताना दिसते आणि बातमीत ‘तंत्रज्ञान हस्तांतरित’ असे दोन शब्द येतात. त्या फाइलीत काय असतं, ती घेऊन गेलेल्या कारखान्यात पुढे काय घडतं आणि इथल्याच नागापूर एमआयडीसीतल्या दोन लेथ आणि एक व्हीएमसी मशीन असलेल्या शेडपर्यंत त्यातलं काही झिरपतं का, हे मात्र बातमीत येत नाही. ते इथे पाहू.

आधी संस्थेची ओळख. व्हीआरडीई ही संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेची, म्हणजे डीआरडीओची, वाहनांवर काम करणारी प्रयोगशाळा. तिचं मूळ रावळपिंडीजवळच्या चकलाल्यात आहे. फाळणीच्या वेळी ती नगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, आली. डीआरडीओ स्थापन झाली 1958 मध्ये, म्हणजे नगरची ही संस्था आपल्या पालक संघटनेपेक्षा वयानं मोठी आहे. पुढे रणगाड्यांचं काम चेन्नईजवळच्या आवडीला गेलं आणि तिथे सीव्हीआरडीई उभी राहिली. अर्जुन रणगाडा तिथला. नगरकडे चाकांची वाहनं आणि खास कामांची ट्रॅकवर चालणारी वाहनं राहिली. आसपास आर्मर्ड कोअरचं प्रशिक्षण केंद्र, मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं केंद्र, के. के. रेंज हे मारा-सरावाचं मैदान आणि वाहनांच्या गुणवत्तेवर देखरेख करणारं लष्करी कार्यालय. गाडी आखणारे, चालवणारे, तिच्यातून गोळा डागून पाहणारे आणि तिला नापास करू शकणारे, असे सगळे एकाच शहराच्या परिघात असणारी ठिकाणं देशात फार नाहीत.

त्या दिवशीच्या यादीत रासायनिक, जैविक, किरणोत्सारी आणि आण्विक धोक्याची टेहळणी करणारं वाहन बीईएमएलला गेलं. ट्रकवर बसवलेली तोफ भारत फोर्जला गेली. दंगल काबूत आणण्यासाठीचं ‘वज्र’ वाहन टाटा ॲडव्हान्स्ड सिस्टिम्सला मिळालं, दहशतवादविरोधी कारवाईसाठीचं ट्रॅकवर चालणारं वाहन मेटलटेक मोटर बॉडीजला आणि उघडून मोठा करता येणारा फिरता निवारा गोमा इंजिनिअरिंगला. या सगळ्यांत मला सगळ्यात बोलकी वाटते ती दिसायला सगळ्यात साधी वस्तू, रणगाडा वाहून नेणारा 70 टनी ट्रेलर. त्याचा परवाना एकाला नाही, चौघांना मिळाला: बीईएमएल, टाटा इंटरनॅशनल व्हेइकल ॲप्लिकेशन्स, एसडीआर ऑटो आणि जॉन गॉल्ट इंटरनॅशनल.

ट्रेलरमध्ये तंत्रज्ञान ते काय, असं वाटणं साहजिक आहे. ट्रेलर तर नगर-पुणे रस्त्यावर रोज शेकड्यांनी जातात. पण या ट्रेलरवर चढणाऱ्या अर्जुन मार्क 1ए रणगाड्याचं वजन 68 टनांच्या घरात आहे. 2018 नंतरच्या नियमानुसार साध्या मालवाहू गाडीच्या चार टायरांच्या एका ॲक्सलवर 11.5 टनांपर्यंत भार चालतो. तो हिशेब इथे लावला तर 70 टनांच्या नुसत्या मालाला सहा ॲक्सलसुद्धा पुरत नाहीत. ट्रेलरचं स्वतःचं वजन त्यात धरलेलंच नाही. शिवाय हा ‘फुल’ ट्रेलर आहे. सेमी-ट्रेलरमध्ये पुढचा भार ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या पाठीवर जातो. फुल ट्रेलरमध्ये सगळा भार त्याच्या स्वतःच्या चाकांनी पेलायचा असतो. ॲक्सल वाढवावेत तर लांबी वाढते, लांबी वाढली की वळण घेता येत नाही. उंची वाढवावी तर रणगाडा चढवण्याचा रॅम्प जास्त उभा होतो आणि पुलाखालून जाताना अडचण होते. रस्ता खाचखळग्यांचा असेल तर एक ॲक्सल खड्ड्यात आणि दुसरा वर, अशा वेळी सगळा भार एकाच जोडीवर येऊ नये म्हणून सस्पेन्शननं तो आपोआप वाटून द्यावा लागतो. उतारावर ब्रेक सगळ्या चाकांना एकाच क्षणी लागले नाहीत तर मागचं धूड पुढच्या गाडीला ढकलत नेतं. आणि हे सगळं वाळवंटातही चालायला हवं आणि चिखलातही.

या प्रत्येक अडचणीचं उत्तर प्रयोगशाळेनं आधी कागदावर, मग नमुन्यावर, मग ट्रॅकवर शोधलेलं असतं. काही उत्तरं पहिल्या फेरीत चुकलेली असतात. परवान्यात कंपनीला मिळतं ते चुकून सुधारलेलं उत्तर.

फाइलीत असतात ती ड्रॉइंगं: जोडणीची, उपजोडणीची आणि प्रत्येक सुट्या भागाची. त्यासोबत साहित्याची यादी, म्हणजे कुठला भाग कुठल्या ग्रेडच्या पोलादाचा, बोल्ट कुठल्या दर्जाचा, रबर कुठलं, विकत आणायचे भाग कोणाकडून घेऊन चाचणी झाली होती. मग प्रक्रियेची पत्रकं, म्हणजे कापण्याचा, वाकवण्याचा, वेल्डिंगचा, उष्णता-प्रक्रियेचा आणि रंगाचा क्रम. जिग आणि फिक्श्चरची रचना. आणि शेवटी चाचणीचं वेळापत्रक, ज्याकडे बाहेरच्या माणसाचं लक्ष सहसा जात नाही. किती भार टाकून किती किलोमीटर, कुठल्या चढावर थांबवून पुन्हा सुरू करायचं, पाण्यात किती खोल, कुठे काय मोजायचं आणि किती आलं की नापास म्हणायचं, हे त्यात लिहिलेलं असतं. माझ्या मते सगळ्या फाइलीत सगळ्यात महागडा कागद हाच. भागाची मापं हुशार कारागीर नमुना समोर ठेवून काढू शकेल. कुठल्या परीक्षेत तो पास व्हायला हवा आणि ती परीक्षा तशीच का ठेवली, हे नमुन्याकडे बघून कळत नाही.

एवढं हातात येऊनही गाडी बनत नाही. वेल्डिंगचंच बघा. ड्रॉइंगवर जोडाची खूण असते, माप असतं. ट्रेलरच्या चासीत किंवा चिलखती गाडीच्या सांगाड्यात वापरलं जाणारं उच्च ताकदीचं पोलाद साध्या माइल्ड स्टीलसारखं वागत नाही. वेल्डच्या कडेचा पट्टा भरभर थंड झाला तर तिथलं पोलाद कडक आणि ठिसूळ होतं. इलेक्ट्रोडच्या आवरणात ओल राहिली असेल तर तिच्यातला हायड्रोजन धातूत शिरतो. जोड बाहेरून सुबक दिसतो, डोळ्यांनी आणि गेजनी पासही होतो, आणि काही तासांनी, कधी एक-दोन दिवसांनी, आतून तडकतो. म्हणून पत्रा आधी ठरावीक तापमानापर्यंत गरम करायचा, इलेक्ट्रोड भट्टीत सुकवून गरमच वापरायचे, आणि तपासणी जोड थंड झाल्याबरोबर न करता मुद्दाम थांबून करायची. पावसाळ्यात नगरच्या शेडमध्ये उघडं पडलेलं इलेक्ट्रोडचं पाकीट दुपारनंतर वापरू नये, ही समज कागदावर एका ओळीत येते. वेल्डरच्या हातात ती यायला महिने लागतात. तंत्रज्ञान ‘मुरणं’ म्हणतात ते हेच, आणि परवाना देणाऱ्या संस्थेची माणसं त्या काळात कारखान्यात जाऊन उभी राहिली तरच ते घडतं. करारात या मदतीची तरतूद असते. ती कितपत कामी आली, ते पहिल्या गाडीच्या चाचणीत दिसतं.

आता परवाना मिळवण्याचा प्रवास थोडक्यात. अर्ज डीआरडीओच्या उद्योग-संपर्क विभागाकडे जातो. प्रयोगशाळेची समिती कारखान्यात येऊन यंत्रं, माणसं, गुणवत्तेची व्यवस्था आणि हिशेब पाहते. पसंत पडलं की करार होतो, शुल्क भरलं जातं, गोपनीयतेच्या अटी लागू होतात आणि कागदपत्रं मिळतात. गाडीच्या विकासापासून सोबत असलेल्या भागीदाराला शुल्कात सवलत देण्याकडे धोरणाचा कल आहे. भारतीय सैन्यदलांना आणि सरकारी खात्यांना पुरवलेल्या मालावर रॉयल्टी घेतली जात नाही. डीआरडीओची पेटंटं भारतीय उद्योगांना विनामूल्य वापरू देण्याचं धोरण 2019 मध्ये आलं. अशा परवाना करारांची देशभरातली संख्या आता दोन हजारांच्या आसपास आहे. मात्र सगळंच दिलं जात नाही. चिलखताची घडण किंवा संवेदकाचं काळीज असलेला भाग बंद डब्यासारखा तयार मिळतो, तो कसा बनतो हे परवानाधारकालाही सांगितलेलं नसतं.

खरी गाठ पुढे आहे. परवाना म्हणजे ऑर्डर नव्हे. ट्रेलरचा परवाना चौघांकडे आहे, ग्राहक मात्र एकच, भारतीय लष्कर. लष्कराला खरेदी करायची तर रीतसर निविदा निघते. 2020 च्या संरक्षण खरेदी प्रक्रियेत भारतात आखलेल्या, विकसित केलेल्या आणि बनवलेल्या मालाला पहिला मान आहे, आणि त्यात निदान निम्मी सामग्री देशी असावी लागते. त्या अटीत चौघेही बसले की मग किंमत बोलते. एकाला काम मिळतं, कधी दोघांत वाटलं जातं, उरलेल्यांची फाइल कपाटात राहते. सरकारच्या बाजूनं पाहिलं तर हे शहाणपणाचं आहे. एकाच पुरवठादारावर अवलंबून राहावं लागत नाही आणि भाव आवाक्यात राहतो. पण कारखानदारानं फिक्श्चर बनवण्यात, वेल्डर घडवण्यात आणि पहिला नमुना चाचणीत उतरवण्यात घातलेला पैसा निविदा निघेपर्यंत अडकून पडतो, आणि लष्करी खरेदी एका आर्थिक वर्षात उरकत नाही. अर्जुन मार्क 1ए ची मागणीच 2021 मध्ये 118 रणगाड्यांची होती. त्यांना वाहून नेणारे ट्रेलर किती लागतील याचा अंदाज कोणीही बांधू शकतो. गाड्यांचे सुटे भाग हजारांनी बनवणाऱ्या कारखान्याला ही संख्या किरकोळ वाटते.

परवाना हातात असताना ऑर्डर लगेच आली की काय होतं, हे 2021 च्या एप्रिल-मेमध्ये दिसलं. तेजस विमानात वैमानिकाला ऑक्सिजन पुरवण्यासाठी डीआरडीओच्या बंगळूरच्या प्रयोगशाळेनं जे तंत्र विकसित केलं होतं, त्यावरून रुग्णालयांसाठीचे ऑक्सिजन प्लँट बनवण्याचा परवाना बंगळूरच्या टाटा ॲडव्हान्स्ड सिस्टिम्सला आणि कोइमतूरच्या ट्रायडंट न्यूमॅटिक्सला दिला गेला होता. कोविडची दुसरी लाट आली तेव्हा टाटांना 332 आणि ट्रायडंटला 48 प्लँटची मागणी एकदम मिळाली, पैसा पीएम केअर्समधून, मुदत महिन्यांत मोजलेली. मुरण्याची प्रक्रिया, पुरवठादार शोधणं, चाचणी, बसवणी हे सगळं धावत झालं. तंत्रज्ञान तेच, कागदपत्रं तशीच, फरक फक्त ग्राहक दारात उभा असण्याचा. हस्तांतरणाच्या धोरणावर आपल्याकडे बरीच चर्चा होते. खरेदीच्या वेळापत्रकावर तेवढी झाली तर जास्त उपयोग होईल, असं मला वाटतं.

आता नगरच्या शेडकडे येऊ. वरच्या यादीत ठळक दिसतात ती पुणे, ठाणे, बंगळूरची नावं. जिल्ह्यात लोक विचारतात की संस्था आमच्या गावात, के. के. रेंजसाठी जमिनी राहुरी, पारनेर, नगर तालुक्यांतल्या, मग काम आमच्या पोरांना का नाही? 2020 मध्ये व्हीआरडीई चेन्नईला हलवणार अशी चर्चा उठली तेव्हा जिल्हा अस्वस्थ झाला, तो याच भावनेतून. प्रश्न रास्त आहे. पण त्याचं उत्तर मुख्य परवान्यात शोधलं तर निराशाच होईल. संपूर्ण गाडी बनवायची तर कोट्यवधींचं भांडवल, रणगाडा उचलणारी क्रेन आणि वर्षानुवर्षं वाट पाहण्याची ताकद लागते. नगरचं बळ वेगळं आहे. कायनेटिकच्या काळापासून इथे दुचाकीचे भाग बनले, लार्सन अँड टुब्रोच्या स्विचगिअरभोवती बारीक प्रेसकाम आणि डायचं काम वाढलं, क्रॉम्प्टनच्या मोटारींसाठी मशिनिंग झालं, पोलादी नळ्या इथे ओढल्या गेल्या. म्हणजे टर्निंग, मिलिंग, प्रेस, फॅब्रिकेशन आणि उष्णता-प्रक्रिया हे हात इथे तयार आहेत.

गाडीच्या साहित्य-यादीत हजारो ओळी असतात, आणि मुख्य परवानाधारक त्यातल्या मोठ्या भागाचं जॉबवर्क बाहेर देतो: पिना, बुश, ब्रॅकेट, बिजागऱ्या, टूल बॉक्स, इंधन टाकी, केबलचे हार्नेस, हायड्रॉलिक फिटिंग. छोट्या उद्योगाचं दार इथे आहे आणि त्याला वाटतं तितकं कुलूप या दाराला नाही. चिलखती गाडी बनवायची तर केंद्र सरकारचा औद्योगिक परवाना लागतो. पण 2014 मध्ये ती यादी छाटली गेली, आणि बहुतेक सुटे भाग, ओतीव-घडीव माल आणि चाचणीची साधनं परवान्याच्या कक्षेबाहेर आली. सुटा भाग करणाऱ्याला लागतो तो मुख्य कंपनीकडचा पुरवठादार म्हणून नोंदणी क्रमांक आणि तिच्या तपासनिसाचं समाधान.

ते समाधान वाहन उद्योगातल्या नेहमीच्या समाधानापेक्षा निराळं असतं. दुचाकीच्या कामात लाखभर नग जातात. त्यात किती नग परत आले यावर प्रत ठरते. इथे चाळीस नग जातात आणि प्रत्येकाचा जन्मदाखला मागितला जातो: पोलाद कुठल्या हीटचं, प्रयोगशाळेचा दाखला कुठे, उष्णता-प्रक्रियेचा आलेख कुठे, कोणत्या वेल्डरनं जोडलं, त्याची पात्रता-चाचणी कधी झाली. बरेचसे छोटे कारखाने काम करू शकतात, कागद ठेवू शकत नाहीत, आणि अडकतात ते इथे. कागद ठेवायला एक माणूस लागतो. त्याचा पगार चाळीस नगांवर बसवला तर भाव चढतो. हे गणित तीन-चार शेडनी मिळून एक तपासणी कक्ष चालवला तरच सुटेल. एकट्यानं ते जमणं अवघड आहे. कायद्यानं छोट्या उद्योगाचं देणं 45 दिवसांत चुकवायचं असतं, आणि केंद्रीय खाती व सार्वजनिक कंपन्यांनी खरेदीचा चौथा हिस्सा सूक्ष्म आणि लघू उद्योगांकडून करायचा असतो. दोन्ही नियमांचं नाव घेताना कारखानदार कसा हसतो, हे ज्यानं त्यानं आपल्या ओळखीतल्या माणसाला विचारावं.

नवं काही घडवायचं असेल त्याच्यासाठी दुसरा रस्ता आहे, तंत्रज्ञान विकास निधीचा. सैन्याला लागणारी पण अजून कोणी न बनवलेली वस्तू विकसित करायला डीआरडीओ खर्चाच्या 90 टक्क्यांपर्यंत अनुदान देते. प्रकल्पाची कमाल मर्यादा 10 कोटींवरून 2022 मध्ये 50 कोटींवर गेली. इथे ड्रॉइंग मिळत नाही, अडचण मिळते. उत्तर कारखान्यानं शोधायचं.

व्हीआरडीईच्या आवारातलं आणखी एक देणं आहे, ते कुठल्याच समारंभात दिलं जात नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या 126 व्या नियमानं देशातल्या मोजक्या संस्थांना नव्या गाड्या तपासून मंजुरीचा दाखला देण्याचा अधिकार दिला आहे. पुण्याची एआरएआय ही वाहन संशोधन संस्था त्यांपैकी एक, नगरची व्हीआरडीई दुसरी. लष्करी गाड्यांसाठी बांधलेले ट्रॅक, चढाव, ब्रेक मोजण्याची सोय आणि विद्युत-चुंबकीय चाचणीच्या खोल्या खासगी कंपन्यांना शुल्क भरून वापरता येतात. ई-रिक्षा बनवणारा, बसची बॉडी बांधणारा, वेगमर्यादा यंत्र विकणारा असे सगळे इथे येतात. एखाद्या छोट्या कंपनीची गाडी ब्रेकच्या चाचणीत नापास झाली आणि ती का झाली हे अभियंत्यानं ट्रॅकच्या कडेला उभं राहून समजावलं, तर करार न होता, फाइल न हलता लष्करी प्रयोगशाळेची समज बाहेर गेली. असं हस्तांतरण आकडेवारीत कुठेही मोजलं जात नाही.

या साखळीचं दुसरं टोक कुठवर जातं ते ‘व्हॅप’नं दाखवलं. आठ चाकांची, आठही चाकांनी ओढणारी, पाण्यात तरंगणारी ही चिलखती गाडी व्हीआरडीईनं टाटा मोटर्सच्या साथीनं विकसित केली. ती पहिल्यांदा लोकांसमोर आली 2014 च्या डिफएक्स्पो या संरक्षण प्रदर्शनात. इथे कंपनी परवान्याच्या वेळी आली नाही, पहिल्या रेघेपासून टेबलाशी होती. त्यामुळे मुरवण्याचा काळ आधीच उरकलेला होता. तिच्यावर बेतलेली वाहनं 2022 च्या एप्रिलमध्ये पुण्यात लष्कराच्या ताफ्यात आली, आणि 23 सप्टेंबर 2025 रोजी मोरोक्कोतल्या बेरशीद इथे टाटा ॲडव्हान्स्ड सिस्टिम्सचा ती बनवणारा कारखाना संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांच्या हस्ते सुरू झाला. कल्पनेपासून परदेशी कारखान्यापर्यंत दशकाहून जास्त काळ गेला.

अशी गाडी एकदा ताफ्यात शिरली की पंचवीस-तीस वर्षं राहते. तेवढ्या काळात बुश झिजतात, सील गळतात, बिजागऱ्या वाकतात, आणि हे भाग पुन्हा पुन्हा मागवले जातात, दर वेळी थोडेसेच. मोठ्या कंपनीला एवढ्या कमी नगांसाठी लाइन थांबवणं परवडत नाही. दोन लेथच्या शेडला ते परवडतं. पण मागणी आली की पहिला प्रश्न यंत्राचा नसतो, ड्रॉइंगच्या आवृत्तीचा असतो. गाडीत दरम्यान बदल झालेले असतात, भोक दोन मिलिमीटर सरकलेलं असतं, पोलादाची ग्रेड बदललेली असते. ती बदललेली प्रत प्रयोगशाळेकडून परवानाधारकाकडे आणि त्याच्याकडून नागापूरच्या शेडमध्ये वेळेवर पोचली नाही, तर जुन्या ड्रॉइंगप्रमाणे अगदी अचूक केलेला भाग गाडीत बसत नाही.